शेगोकारांची गॅरंटी

"बाबा, काय करून रायले तुमी तिथं?"

बाबा स्टुलावरून पडता पडता राहिले. मे महिन्याची दुपार, अकोल्याचं ऊन, मागच्या अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवायची सोय नाही, आणि हा माणूस डोक्याला उपरणं गुंडाळून आमच्या नव्या एसीच्या बाहेरच्या युनिटपाशी चढलेला. हातात वरच्या छज्ज्याला बांधलेल्या सुतळीचं टोक. सुतळीला बांधलेली वाळ्याची ताटी. ताटी ओली, टपटप गळणारी.

"काई नाई," बाबा म्हणाले. "तू आत जाय."

वाळ्याची ओली ताटी कूलरला लावतात, एसीला लावत नाहीत, हे सगळ्या अकोल्यात कुणाला कळायला हवं होतं तर ते बाबांना. कारण बाबा म्हणजे नारायण शेगोकार, शेगोकार कूलरवाले. आमचं पुढचं अंगण म्हणजे त्यांचा कारखाना. पत्रे, पंखे, पाण्याच्या मोटारी आणि वाळ्याचे भारे यांतून वाट काढत घरात शिरावं लागायचं. गिऱ्हाईकाने "शेगोकार, गॅरंटी किती?" असं विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं: "मी हाय ना." बस्स, एवढीच गॅरंटी. आणि कितीही जुना कूलर बंद पडला तरी ते सायकलला पान्याची पिशवी अडकवून निघायचे.

"ही ताटी कधीपासून लावली?" मी विचारलं. मी परीक्षेसाठी अमरावतीला होते, नुकतीच घरी आले होते. घरामागे काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता.

"एसी आणला तवापासून."

"रोज भिजवत होते?"

"सकाळी. अन दुपारी एकदा."

"पाणी कोणतं?"

बाबा सुतळी सोडवण्यात फार गुंतले.

"बाबा, पाणी कोणतं?"

"बोअरचं," ते हळूच म्हणाले.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या पाण्याचा तांब्या उन्हात वाळवला तर आत पांढरी कडा धरते. ताटी बाजूला झाली आणि युनिटची जाळी दिसली. पापड लाटताना पोळपाटावर पीठ भुरभुरावं तशी ती पांढरी झाली होती. आणि दोन वाजता कंपनीचा माणूस ती बघायला येणार होता!

माझी चिडचिड का झाली ते कळायला आईचं सांगायला हवं. आईला नसांचा आजार. मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणाऱ्या नसांवरचं आवरण झिजत जातं. हिवाळ्यात ती काठी टेकत घरभर फिरायची, पण ऊन वाढलं की पाय तिचं ऐकणंच बंद करायचे. उन्हाळा म्हणजे पलंग. तिच्या खोलीसाठी बाबांनी एकामागून एक तीन कूलर बनवले, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. तिसरा लावला की भिंतीवरचं कॅलेंडर आडवं व्हायचं. आईचे पाय मात्र हलले नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, खोली खरोखर थंड आणि कोरडी ठेवून बघा, कूलरच्या दमट हवेनं भागायचं नाही. जन्मभर एसीला 'पैसेवाल्यायचं डबडं' म्हणणारे बाबा पाडव्याच्या दिवशी ते डबडं घेऊन आले. गॅरंटीचं कार्ड त्यांनी खिशात घातलं नाही, प्रसादाच्या पुडीसारखं हातात धरून आणलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

आणि एप्रिलातल्या एका सकाळी, ऐन उन्हाळ्यात, आई पलंगावरून उठली, काठी टेकत स्वयंपाकघरात गेली आणि तिनं चहा टाकला! मला फोनवर हे बाबांनीच सांगितलं. त्या दिवशी कूलर घ्यायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आधी आईच्या हातचा चहा पाजला म्हणे.

आता दोन दिवसांपासून एसी नुसता वारा फेकत होता. आई पुन्हा पलंगावर. त्या सकाळी तिला कूस बदलायलाही माझा हात लागला होता. दुसरा एसी घेणं आमच्या बापजन्मी शक्य नव्हतं. जे काही होतं ते त्या कार्डावर होतं.

"म्या कालच तुमाले कार्ड वाचून दाखोलं," मी दबक्या आवाजात ओरडले. "पहिलं वरीस सगळं फुकट, पण बिघाड कारखान्याचा असन तर. पाणी, क्षार, गंज, बाहेरची छेडछाड, यातलं काई असन तर नाई. तवाच नाई का सांगायचं?"

"तवाच तर समजलं मले," बाबा म्हणाले. "म्हणून काढून रायलो ना."

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वाजली. बाबांनी ताटी बगलेत मारली आणि धूम ठोकली. पन्नाशी उलटलेला माणूस इतक्या जोरात पळू शकतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी ती ताटी पुढच्या अंगणातल्या शंभर ताट्यांच्या भाऱ्यात खुपसली. लपवायला याहून चांगली जागा अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. मी जुना दातांचा ब्रश घेऊन जाळी घासायला लागले. क्षार हलेल तर शपथ.

कंपनीचा माणूस म्हणजे वाजिद. तिशीचा, तोंडाला रुमाल, पाठीवर हत्यारांची बॅग, आणि सकाळपासून उन्हात फिरून वैतागलेला. आत येऊन त्यानं एसी लावून पाहिला, बाहेर जाऊन घड्याळासारखी चकती जोडली आणि म्हणाला, "गॅस खतम. पूरा गेला. कुठून तरी गळला." मग त्याची नजर जाळीवर गेली.

"हे काय हाय? याच्यावर पाणी कोन मारलं?"

"पाऊस," मी म्हणाले.

वाजिदनं आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ताई, अकोल्यात? या महिन्यात?"

"कधीमधी पडते."

त्यानं मोबाइल काढला आणि जाळीचे फोटो घ्यायला लागला. बाबा भिंतीला टेकून उभे होते. उपरण्यानं त्यांनी तोंड पुसलं, पुन्हा पुसलं आणि म्हणाले, "म्या मारलं."

"बाबा!"

"गप बस, सुकू. म्या मारलं पाणी. वाळ्याची ताटी बांधली होती. रोज भिजवत होतो."

वाजिद त्यांच्याकडे बघतच राहिला. "चाचा, बाहेर 'शेगोकार कूलर' पाटी हाय. ते तुमीच ना? आमच्या घरी तुमचाच कूलर हाय. तुमी एसीले ताटी बांधली?"

"उन्हात उभं होतं बिचारं. मागून हात लावून पाह्यला, तर भट्टीवानी वारा फेकत होतं. मले वाटलं तापलं. म्हटलं, आपल्या घरासाठी एवढं राबून रायलं, याले कोन थंड करन?"

"अरे चाचा, गरम वारा फेकनं हेच त्याचं काम! घरातली गर्मी उचलते अन बाहेर टाकते. जितका बाहेर गरम वारा, तितकी आत थंडी."

बाबांनी युनिटकडे पाहिलं. आयुष्यभर कूलर बनवणाऱ्या माणसाला एसीनं चक्क फसवलं होतं. दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसले असते.

"वाईट वाटते, पन लिहाव लागन," वाजिद मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला. "पाण्यानं जाळीतल्या नळ्या सडल्या, गॅस गळला. ग्राहकाची चूक. वॉरंटीत नाई बसत."

"थांबा," मी म्हणाले. "जाळी गळून रायली हे तुमी पाह्यलं?"

"ताई, दिसून रायलं ना पांढरं."

"पांढरं दिसून रायलं. गळताना दिसलं का? कार्डावर असं लिहिलं हाय, की पाण्यामुळे झालेला बिघाड चालणार नाई. पाणी मारलं तर कुठलाच बिघाड चालणार नाई, असं नाई लिहिलं. गॅस पाण्यामुळेच गेला हे आधी दाखवा, मग लिहा."

"वकिली शिकून रायल्या का?"

"कॉमर्स. पण वाचता येते."

"सिलिंडर आनून हवा भराव लागन, फेस लावून पाहाव लागन, गळते तिथं बुडबुडा येते. सिलिंडर दुकानावर हाय. मले अजून चार घरं हाईत, ताई."

"सुकू," खोलीतून आईचा आवाज आला. युनिट तिच्या खोलीच्या खिडकीला लागूनच होतं, त्यामुळे आमचं सगळं भांडण तिला ऐकू येत होतं. "भांडू नको. त्या पोराले आधी पाणी दे. माठातलं."

वाजिद पाणी प्यायला आत गेला. त्यानं पलंगावरच्या आईला पाहिलं. तिच्या कपाळावर ओला टॉवेल होता आणि पायांखाली उशा. त्यानं तांब्या अर्धाच प्यायला.

"काय झालं यायले?"

"उन्हात पाय चालत नाईत," आई म्हणाली. "एसी होता तं चालत होतो. चहा करत होतो. तुले पण पाजला असता रे."

वाजिद रुमाल तोंडाला बांधत बाहेर आला आणि मोटारसायकलला किक मारता मारता मला म्हणाला, "सिलिंडर आनतो. पन एक बोली. बुडबुडा जाळीवर आला तर मी तुमची चूक लिहीन, अन मग तुमी भांडायचं नाई."

"अन कारखान्याच्या जोडावर आला तर?"

"तर मी कंपनीशी भांडीन."

ठरलं! तो गेला तशी मी घरभर येरझाऱ्या घालायला लागले. बाबा जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. आई म्हणाली, "सुकू, मले खिडकीपाशी बसव. मले पाहायचं हाय."

"आई, खिडकीत झळ लागते. पाय आणखी जातीन."

"जाऊ दे. आता गेलेलेच हाईत. बसव म्हणतो ना!"

तिला खुर्चीत घालून मी खुर्ची ओढत खिडकीपाशी नेली. खिडकी उघडली तसा वाफारा आत आला. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि गजांना धरून अशी बसली, की समोर जणू नाटकाचा पडदा उघडणार होता.

"ताटीचं तुले माईत होतं का?" मी विचारलं.

"माईत होतं ना. रोज सकाळी वाळ्याचा वास येत होता. म्या म्हटलं, लावू दे. त्याले बरं वाटते."

वाजिद सिलिंडर घेऊन आला. पाइप जोडला, चावी फिरवली, चकतीवरचा काटा वर चढला. मग तो खिसे चाचपायला लागला. "फेसाचा ब्रश राह्यला दुकानात."

बाबा उठले. आत जाऊन त्यांनी आपला दाढीचा ब्रश, वाटी आणि साबण आणला. वाटीत फेस करायलाही तेच बसले. फेस चांगला घट्ट झाला. वाजिदनं ब्रश घेतला.

"पहिले जाळी," तो म्हणाला.

सगळ्यात पांढरी जागा होती तिथं त्यानं फेस थापला. आम्ही बघत राहिलो. काही नाही. थोडं खाली. काही नाही. तिसऱ्या जागी फेसातून एक बुडबुडा वर आला. मुगाच्या दाण्याएवढा. मग वाटाण्याएवढा.

"गेलं," बाबा म्हणाले आणि खालीच बसले.

"थांबा, थांबा!" मी ओरडले. "पुसा अन पुन्हा लावा. फेसाले बुडबुडा येतेच!"

वाजिदनं पुसलं. पुन्हा लावलं. मी त्या फेसाकडे इतकी टक लावून बघत होते की डोळ्यांतून पाणी आलं. फेस जागच्या जागी राहिला. सगळी जाळी झाली, वरून खालपर्यंत, आणि एकही बुडबुडा फुगला नाही. मी उडीच मारली. बाबांनी देवाचं नाव घेतलं.

"इतकं नाचू नका," वाजिद म्हणाला. "गळती सापडली नाई तर बी काम होत नाई." पण त्याच्याही आवाजात आता रंग चढला होता. त्यानं घाम पुसला, बाजूचे स्क्रू काढले आणि खिडकीकडचा पत्रा उतरवला. आत तांब्याच्या नळ्या वळणं घेत गेलेल्या. प्रत्येक वळणाला कारखान्यात झाळलेला जोड. तो वाकून एकेका जोडाला ब्रश लावत गेला. आम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावत होतो. एक जोड, काही नाही. दुसरा, काही नाही. असं करत शेवटच्या जोडापर्यंत तो पोचला. काही नाही.

वाजिद कंबरेवर हात ठेवून सरळ झाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि तेवढ्यात खिडकीतून आई किंचाळली, "फुगून रायलं! सुकू, फुगून रायलं! तिकडं, खालून! ते वाकडं हाय ना, त्याच्या पोटाखाली!"

आम्ही तिघंही वरून वाकून बघत होतो. आई खुर्चीत बसलेली, खिडकीच्या चौकटीत, आमच्यापेक्षा पुष्कळ खाली. वळणाची जी बाजू आम्हाला दिसत नव्हती ती नेमकी तिच्या डोळ्यांसमोर होती. वाजिद फरशीवर सरळ आडवाच झाला. पाठ भाजत असणार, पण त्याला भान नव्हतं.

"दिसलं! चाचा, दिसलं!"

मीही गुडघ्यांवर बसून बघितलं. बोराएवढा बुडबुडा. फुटला, लगेच दुसरा. फुटला, तिसरा. वाजिदनं पुसून पुन्हा फेस लावला, पुन्हा तिथेच. पुन्हा पुसलं, पुन्हा तिथेच! ते बुडबुडे असे येत होते की बघतच राहावं.

"कंपनीचाच जोड हाय," वाजिद पडल्या पडल्या म्हणाला. "झाळताना कच्चा राह्यला. अन इथं तर पत्र्याच्या आत पाणी पोचतच नाई. एकदम कोरडं."

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आई सांगते, की मी वाजिदच्या हातातला ब्रश ओढून घेतला आणि बाबांच्या गालाला फेस लावला. बाबा तसेच, एका गालाला फेस, डोळे भरलेले, खिडकीपाशी गेले आणि गजांतून आत हात घालून आईच्या डोक्यावरचा पदर नीट केला.

वाजिदनं जे लिहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. गळती कारखान्याच्या जोडाला, वॉरंटीत दुरुस्ती, नवा गॅस कंपनीकडून. पाण्याचं पण त्यानं लिहिलं, फोटोसकट, फक्त कारण म्हणून नाही. "जे पाह्यलं ते लिहिलं," तो म्हणाला. जाता जाता त्यानं बाबांना बजावलं, "जाळी नळाच्या गोड पाण्यानं एकदा धुवा. अन चाचा, ताटी नाई बांधायची. कसम घ्या." बाबांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

तो गेल्यावर मी बाबांना म्हणाले, "एवढं भेले होते, अन सांगून काऊन देलं? म्या पाऊस म्हणून सांगत होतो ना."

बाबा पायरीवर बसले होते. गालावरचा फेस वाळला होता.

"नागपूरच्या डॉक्टरले म्या म्हटलं होतं," ते म्हणाले, "साहेब, ही चालन याची गॅरंटी द्या. तो म्हणे, शेगोकार, माणसाची गॅरंटी कोनी देत नाई. मी अख्ख्या गावाले गॅरंटी देणारा माणूस. मग पाडव्याले दुकानदारानं ते कार्ड हातात देलं. त्याच्यावर लिहिलं, दहा वर्षं. मले वाटलं, हे दहा वर्षं चालन, म्हणजे तुई माय दहा वर्षं चालन."

"बाबा, दहा वर्षं नुसती कॉम्प्रेसरची हाईत. बाकीचं एकच वरीस. वाचून दाखोलं ना."

"माईत हाय मले."

"मग?"

"मग काय? देव्हाऱ्यात ठेवलेल्या वस्तूवर खोटं बोलून कसं चालन? हिच्या पायाले लागलं असतं ते."

एवढं बोलून ते जाळी धुवायला पिण्याच्या पाण्याची बादली घेऊन मागे गेले. मी पायरीवर बसून पोटभर रडले आणि मग आईला सरबत करून दिलं.

दुसऱ्या दिवशी वाजिद आला, त्यानं जोड पक्का केला, गॅस भरला. त्यानंतर आठवडाभरात आईनं त्याला बोलावून घेतलं आणि स्वतः ओट्याशी उभं राहून चहा पाजला. पुढे दर वर्षी जाळी धुवायला तोच यायचा, आणि दर वर्षी दारातून विचारायचा, "चाचा, ताटी कुठं हाय?"

काही वर्षांपूर्वीच्या पाडव्याची गोष्ट. मी मुलांना घेऊन माहेरी गेले होते. गुढीची पूजा झाली, आणि आई काठी टेकत, भिंतीला हात लावत तिच्या खोलीत गेली. एसीला हळदकुंकू लावायला तिचा हात पोचत नव्हता, म्हणून तिनं खालच्या भिंतीवर बोट टेकवलं. बाबा खुर्चीत बसले होते. कूलर बनवणं त्यांनी सोडलं होतं, पण रिमोट दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

"अवो," आई म्हणाली, "याची दहा वर्षं आज भरली ना? कॉम्प्रेसरची बी गॅरंटी सरली. आता काय?"

बाबांनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे.

"मी हाय ना," ते म्हणाले.

आई हसली. काठी टेकत स्वयंपाकघराकडे वळली आणि जाता जाता म्हणाली, "बसा मग. चहा टाकतो."